पगार एकवीस हजार आणि रोजचा डबा: आधी पोळीचं बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा लातूरकडचा, घणसोलीत तिघं मिळून रूम घेऊन राहतात, ऑफिस महापेला, हातात २१ हजार येतात. दुपारचं जेवण कँटीनला १३० रुपये. दोनदा डबा सुरू केला, दोन्ही वेळा दहा दिवसांत बंद पडला, शिवाय फ्रिजमधला पालक नि कोथिंबीर सडून फेकली ती वेगळीच. विचारलंय की काकू, स्वस्तात आणि रोज जमतील अशा चार-पाच रेसिपी सांगा.

रेसिपी सांगते, पण नंतर. मी डोंबिवलीत ११ वर्षं घरगुती डबे दिलेत, जास्तीत जास्त होते तेव्हा रोजचे ३२, आणि त्याच्या आधी नोकरी करत होते तेव्हा माझा नि ह्यांचा डबा घेऊन सकाळची लोकल पकडलीये. तर एवढ्या वर्षांत मी एक बघितलंय की डबा भाजीपायी कधी बंद पडत नाही, पोळीपायी पडतो. भाजी काय, कुणालाही येते, कांदा चिरला, फोडणी दिली, झाकण ठेवलं, तू तिकडे अंघोळ करून ये. पोळीचं तसं नाही, कणीक मळा, मुरवा, लाटा, भाजा, तव्यासमोरून हलता येत नाही, ओट्यावर पीठ सांडतं, परात धुवा, पोळपाट धुवा, आणि एवढं करून नवशिक्याची पोळी एक वाजेपर्यंत पापड होते. मग माणूस म्हणतो जाऊदे, आज कँटीन. सलग तीन दिवस असं म्हटलं की तिकडे पालक सडलाच समज. तू जे लिहिलंयस ना की "सकाळी वेळच पुरत नाही", तो वेळ पोळी खाते रे, दुसरं काही नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं जरा उलटं वाटेल, पहिला महिना पोळ्या विकत घे. हो, विकत. तुमच्या तिकडे स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र असणारच, साधारण ८ ते १० रुपयाला पोळी मिळते. चार पोळ्यांचे ३६ धर. घरी केलीस तर काय पडते बघ, लोकवन गहू ४० रुपये किलो, वर ८ रुपये दळण, एका किलोत मध्यम आकाराच्या ३०-३२ पोळ्या होतात, म्हणजे तेल धरून पावणेदोन रुपये पोळी, चारचे सात. फरक मोठा आहे, मान्य. पण तुझी तुलना सात रुपयांशी नाहीये, १३० शी आहे. विकतच्या पोळ्या आणि घरची उसळ असा डबा साठाच्या आत बसतो, महिन्याचे २२ दिवस धरले तर १३२० रुपये, आणि कँटीनचे होतात २८६०. निम्म्याहून जास्त पैसे पहिल्याच महिन्यात वाचले, ते पण लाटणं हातात न घेता. तिघं आहात तर आजूबाजूला पोळ्या करायला येणारी मावशी मिळते का बघा, तिघांत वाटून घेतलं तर विकतपेक्षा स्वस्त पडेल कदाचित, पण मग मावशी सुट्टीवर गेली की तिघांचाही डबा बंद असं करू नका.

या महिन्याभरात रविवारी रविवारी पोळी शिकून घे. संध्याकाळी निवांत, घाई नको. कणीक मळताना मीठ, चमचाभर तेल, आणि पाणी तुला वाटतं त्यापेक्षा थोडं जास्त, कणीक बोटाला हलकीशी चिकटेल इतकी सैल हवी, घट्ट कणकेची पोळी गरम असताना छान लागते आणि डब्यात गेली की चामडं. अर्धा तास झाकून ठेव. घडीची पोळी कर, म्हणजे छोटी पुरी लाटून तेल लावून वर पीठ भुरभुरून घडी घालायची नि मग लाटायची, ते पदर सुटतात ना त्यानेच ती दुपारपर्यंत मऊ राहते. तवा चांगला तापलेला पाहिजे, मंद आचेवर पोळी भाजत बसलास तर वाळते. आणि तव्यावरून काढली की लगेच स्टीलच्या डब्यात कोंबून झाकण लावायचं नाही, वाफेचं पाणी होऊन खालची पोळी भिजते. सुती फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेव, मग फडक्यासकट डब्यात. फॉइलची गरज नाही, आईची जुनी साडी फाडून चार तुकडे आण.

मळलेली कणीक रात्री फ्रिजमध्ये ठेवली तर चालते, पण वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सकाळी संपवायचीच. दुसऱ्या दिवशी ती काळपट पडते नि वास येतो. लोक तीन-तीन दिवसांची मळून ठेवतात, मी कधी ठेवली नाही.

आणि तू लातूरचा आहेस तर तुझ्याकडे पोळीला पर्याय आहे जो आम्हा मुंबईकडच्या लोकांकडे नाही. कडक भाकरी. सोलापूर बाजूला विकत मिळते, पातळ, खडखडीत वाळलेली ज्वारीची, पापडासारखी, नीट कोरडी ठेवली तर कितीतरी दिवस टिकते. गावाहून येताना एक डबा भरून आण. ज्या दिवशी पोळी जमली नाही त्या दिवशी उसळ जरा पातळ कर आणि ऑफिसात भाकरी त्यात कुस्कर. येताना येसर आण, म्हणजे ते भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाला घातलेलं पीठ, काळं तिखट आण, शेंगदाण्याची चटणी आण. माझ्याकडे नांदेडचा एक मुलगा डबा खायचा, त्याच्या आईने पाठवलेल्या येसरामुळे मी येसराची आमटी शिकले, आम्ही कोकणातले, आम्हाला सगळ्याला खोबरं लागतं. येसर घरात असलं की वाटण नको, डाळ नको, फोडणीत पाणी उकळून त्यात येसर सोडलं की दहा मिनिटांत आमटी.

आता भाजी. तुझी चूक अशी झाली की तू रविवारी आठवड्याची भाजी आणलीस, त्यात दोन पालेभाज्या, आणि त्या गुरुवारसाठी ठेवल्यास. हा क्रम उलटा कर. पालेभाजी आणली की सोमवारी-मंगळवारी संपवायची, मग भेंडी-फरसबी-गवार वगैरे, आणि कोबी, लाल भोपळा, सुरण, बटाटा असलं टिकाऊ शेवटी. आठवड्याला तीनच भाज्या आण, चौथी नाही, बाकीचे दोन दिवस कडधान्य. मेथी-पालक निवडून, न धुता, पेपरात गुंडाळून ठेव, धुवायचं करायच्या आधी. कोथिंबीर पण तशीच. भेंडी उलटी, ती आधी धुऊन कोरडी खडखडीत पुसून रात्री चिरून ठेवता येते, ओली चिरलीस तर चिकटच होणार, मग अर्धा तास परतत बस. आमच्या लोकलच्या लेडीज डब्यात बायका गवार मोडत, मेथी निवडत घरी यायच्या, आता मोबाईल आलेत तरी अजून दिसतात एखाद्या. तुला जेन्ट्समध्ये ते जमणार नाही पण रात्री मोबाईलवर काहीतरी बघत बसशील तेव्हा दहा मिनिटांत पावशेर फरसबी होते.

बाजारात जायची वेळ रात्री नऊ-साडेनऊची. भाजीवाले उठायच्या बेताला आले की वाटे लावतात, २० रुपयाला वाटा, त्यात वांगी असतील, तोंडली असतील, टोमॅटो थोडे मऊ. मऊ टोमॅटो डब्याला उत्तम. फक्त त्या वेळी पालेभाजी घेऊ नकोस, दिवसभर पाणी मारून मारून ती आतून कुजायला लागलेली असते. पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाची, जून ते ऑगस्ट सरळ कडधान्यावर जायचं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता आठवतं का, तेव्हा मी महिनाभर टोमॅटो आणलाच नाही, चिंच नि आमसूल वापरलं, डबेवाल्या गिऱ्हाइकांपैकी एकाने विचारलं असेल तर शपथ. टोमॅटो ही सवय आहे, गरज नाही. कांद्याचं मात्र तसं म्हणता येत नाही, २०१९ च्या शेवटी कांदा शंभरावर गेला तेव्हा मी रडकुंडीला आले होते, कोबीला पीठ पेरून पेरून दिवस काढले.

पीठ पेरून हा शब्द आला म्हणून सांगते, तुझ्या बजेटला हा सगळ्यात कामाचा प्रकार. पाव किलो भाजी तिघांना पुरत नाही, पण मोहरी-हिंग-हळद-लसणाच्या फोडणीत कोबी, ढोबळी मिरची, कांद्याची पात, मेथी, मुळ्याचा पाला यातलं काहीही घाल, मीठ-तिखट, पाण्याचा हबका, अर्धवट शिजलं की वरून चार-पाच चमचे बेसन भुरभुरव, झाकण ठेवून वाफ काढ, हलव, परत वाफ. तेवढीच भाजी दीडपट दिसते, पोटाला धरते, आणि डब्यात गळायचा प्रश्नच नाही. तेलात हात आखडू नकोस इथे, कोरडं पीठ घशात बसतं. पिठलं मात्र डब्याला नको, दुपारी त्याची वडी झालेली असते.

मटकी. एक वाटी सकाळी ऑफिसला जाताना भिजत घाल, रात्री पाणी काढून फडक्यात घट्ट बांध, दुसऱ्या दिवशी मोड. थंडीत एक दिवस जास्त लागतो. एका वाटीची अडीच-तीन वाट्या होते, फ्रिजमध्ये तीन दिवस आरामात राहते. कुकर लावायची पण गरज नाही, कढईत फोडणीवर घालून झाकणावर पाणी ठेवून शिजते पंधरा मिनिटांत. मूग तर त्याहून लवकर. चवळी, वाटाणा, छोले यांना मात्र रात्रभर भिजवणं नि कुकर दोन्ही पाहिजे, न भिजवता शिट्ट्या काढत बसू नकोस, गॅस जातो. सिलेंडरचा हिशोब कोणी करत नाही, १४.२ किलोला साडेआठशे धर, म्हणजे किलोला ६० रुपये, पाऊण तास एक शेगडी चालली की सात रुपये गेले. चार पोळ्यांच्या सामानाला लागतात तेवढेच.

तर पूर्ण हिशोब, पोळ्या ७, मटकीची उसळ तेल-कांदा-मसाल्यासकट १३, काकडी किंवा चटणी ४, गॅस ७. एकतीस. पस्तीस धर, कारण कोथिंबीर, लिंबू, कधी अंडं असतंच. यापेक्षा खाली जायला बघू नकोस. लोक डबा स्वस्त करायच्या नादात कमी भरतात, दोन पोळ्या नि चमचाभर भाजी, आणि मग चार वाजता खाली जाऊन वडापाव नि चहा, झाले ४० रुपये. २६ जानेवारी २०२० ला सरकारने १० रुपयांची शिवभोजन थाळी काढली तेव्हा तिचं माप दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात नि १०० ग्रॅम वरण असं ठेवलं होतं, म्हणजे बघ, सरकारी थाळीत पण पोळीभाजीच्या जोडीला वरणभात होताच. तू चोवीस वर्षांचा, चार पोळ्या आणि भरपूर वाटीभर उसळ हे तुझं कमीत कमी. शिवाय पिशवीत एक पुडी फुटाणे नि गूळ, चार वाजताचं.

मायक्रोवेव्ह आहे का ऑफिसात ते तू सांगितलं नाहीस. असेल तर स्टीलचा डबा आत जात नाही, एक काचेचा बाउल ड्रॉवरमध्येच ठेवून दे. पण मी म्हणेन मायक्रोवेव्हच्या रांगेवर डबा ठरवू नकोस, गार खाल्ली तरी चांगली लागेल अशीच भाजी ने. उसळ, भेंडी, तोंडली, कारलं, पीठ पेरलेली कुठलीही, सुकी बटाट्याची भाजी. दुधी नको, पाणी सुटतं. अंडाभुर्जी स्वस्त आणि पोटभरीची, पण एसीत वास फिरतो, शेजारी कोण बसतं बघून ने. सुकट-जवळा मी स्वतः मालवणची असून सांगते, अजिबात नेऊ नकोस, एकदा ह्यांनी नेला होता, आठवडाभर यांचं नाव सुकट होतं.

उन्हाळ्याचं नीट ऐक. एका मे महिन्यात मी बटाट्याच्या रस्स्यात ओलं खोबरं वाटून घातलं, सकाळी साडेसातला गरम गरम डबे भरले, झाकणं लावली, आणि एक वाजल्यापासून फोन सुरू. चौदा डबे आंबले होते. चौदा. त्या दिवसाचे पैसे परत केले, दोन गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. चूक खोबऱ्याची कमी, माझी जास्त, गरम रस्सा बंद डब्यात म्हणजे आंबायला उबदार जागाच दिली मी. तेव्हापासून एप्रिल ते जून नि ऑक्टोबर ओलं खोबरं डब्यात बंद, भाजी परातीत पसरून पंख्याखाली गार करूनच भरायची. भात न्यायचा असेल तर त्याला हे जास्तच लागू, रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवलास आणि सकाळी फोडणी दिलीस तर तो वरून चांगला दिसतो पण पोट बिघडवतो, शिजवलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम केलं तरी जात नाही. रात्रीचा भात करायचा तर तासाभरात गार करून फ्रिजमध्ये, मग सकाळी खुशाल फोडणीचा भात. दहीभात ने, पण दही कमी, दूध जास्त, दुपारपर्यंत ते आपोआप लागतं.

शिळ्या पोळ्यांचं पण सांगते कारण विकत आणणार तर उरणार. कुस्करून, कांदा परतून, शेंगदाणे घालून फोडणीची पोळी, शुक्रवारचा डबा. आमच्याकडे शुक्रवारी तोच असायचा, गिऱ्हाइकांना नाही हां, घरच्यांना. मुलं बाकी कुठल्या दिवशी डबा पूर्ण संपवायची नाहीत, शुक्रवारी चाटून.

एक मसाला ठेव, दहा नको. कांदा-लसूण मसाला किंवा तुझं काळं तिखट, बास. छोले मसाला, पावभाजी मसाला, किचन किंग असली पाकिटं उघडली की दोनदा वापरून पडून राहतात, प्रत्येकात पाऊणशे-शंभर रुपये अडकतात. चव बदलायची तर चटणी बदल, एका आठवड्यात जवस, एका आठवड्यात कारळं, मग लसूण-खोबरं. घरी भाजून मिक्सरला फिरवलं की पाव किलोची बरणी महिना जाते. ही बरणी भाजी बिघडली त्या दिवशी पण उपयोगी पडते, चटणी, तेल, कांदा, पोळी. तेवढ्यावर जेवलोय आम्ही कितीदा.

वेळापत्रक म्हणशील तर रात्री जेवण करतानाच भाजी जरा जास्त कर आणि डब्याची आधी बाजूला काढ. आधी. जेवून उरली तर डब्याला, असं केलंस तर तीन पोरांच्या रूमवर काही उरत नसतं. रूममेट तयार असतील तर भाजी एकाने, पोळ्या आणायच्या एकाने, भांडी एकाने, आणि दर आठवड्याला बदलायचं, म्हणजे कोणी भांड्यांवरून भांडणार नाही. किराणा तिघांच्या नावावर एकदाच महिन्याच्या सुरुवातीला भर, पाच किलो पीठ, मटकी, मूग, चवळी, तूरडाळ, बेसन, शेंगदाणे, तेल. भाजीचे पैसे आठवड्याचे वेगळे पाकिटात घाल. २० तारखेनंतर खिशात काही नसतं ना, तेव्हा घरात कडधान्य भरलेलं असलं की डबा चालू राहतो.

डबा स्टीलचाच घे, दोन-तीन कप्प्यांचा, आतल्या वाटीला क्लिप नि रबर असलेली. घेताना दुकानातच पाणी भरून उलटा करून बघ, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आमचा डबेवाला गळका डबा उचलायचाच नाही, दारात ठेवून पुढे जायचा, तेव्हापासून मी सगळे डबे असे तपासून घ्यायचे. बसच्या नाहीतर लोकलच्या गर्दीत बॅग कशी दाबली जाईल सांगता येत नाही आणि लॅपटॉपवर उसळ सांडली तर वर्षभराची बचत एका दिवसात गेली. प्लॅस्टिक नको, हळदीने पिवळं होतं नि वास धरतं. अॅल्युमिनियममध्ये चिंच-टोमॅटोचं काही ठेवायचं नाही.

आणि घरी आलास की बूट काढायच्या आधी डबा बॅगेतून काढून उघडून पाणी घालून ठेव. शुक्रवारचा डबा सोमवारी उघडणारी मुलं मला माहितीयेत, एकाने तर तो तसाच फेकून दिला होता, डबा नवा होता, साडेतीनशेचा.